यॉर्कमध्ये ‘मॉडर्न ब्रिटिश’ जेवायला जाताना: बुकिंगपासून बिलापर्यंत

लीड्सला राहायला आल्यापासून दर उन्हाळ्यात आमच्याकडे कोणी ना कोणी येतं. लंडन झालेलं असतं, एडिनबरा व्हायचं असतं, मध्ये दोन-तीन दिवस आमच्याकडे आणि त्यातला एक यॉर्कचा. मिन्स्टरचं कॅथेड्रल बघून होतं, तटबंदीवरून चालून होतं, शॅम्बल्सच्या गल्लीत फोटो काढून होतात. मग संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला, पाय दुखायला लागल्यावर कोणीतरी विचारतं, “इथलंच काहीतरी चांगलं खायचं म्हटलं तर कुठे जायचं गं?” त्या वेळी माझ्याकडे धड उत्तर नसतं. चांगल्या जागा केव्हाच भरलेल्या असतात. हा लेख हाच प्रश्न सहा आठवडे आधी विचारणाऱ्यांसाठी आहे.

आधी, हे ‘मॉडर्न ब्रिटिश’ म्हणजे काय

ब्रिटिश जेवण म्हटलं की आपल्याकडे उकडलेला बटाटा आणि नाक मुरडणं एकदमच येतं. ती बदनामी अगदीच खोटी नव्हती. दुसऱ्या महायुद्धात सुरू झालेलं रेशनिंग इथे थेट जुलै १९५४ पर्यंत चाललं. एक अख्खी पिढी मोजून मिळणाऱ्या लोण्यावर आणि अंड्याच्या भुकटीवर वाढली आणि आजीच्या हातची चव घराघरांतून पुसली गेली. चांगलं खायचं तर फ्रेंच खायचं, अशी पुढे समजूत झाली. १९८० च्या दशकात लंडनमधल्या काही शेफनी तंत्र फ्रेंच ठेवलं, पण माल इथलाच घ्यायला सुरुवात केली. १९९४ मध्ये फर्गस हेंडरसन यांनी स्मिथफील्डच्या मटण बाजाराजवळ ‘सेंट जॉन’ उघडलं आणि नाकापासून शेपटीपर्यंत काही वाया न घालवणारी जुनी इंग्रजी रीत पांढऱ्या टेबलक्लॉथवर आणली. त्या सगळ्याला मिळून हे नाव पडलं.

यॉर्कशरमध्ये त्याला शेतीची जोड मिळाली. यॉर्कच्या उत्तरेला ओल्डस्टेड नावाचं चिमुकलं गाव आहे. तिथला ‘ब्लॅक स्वान’ हा पब बँक्स नावाच्या शेतकरी कुटुंबाने २००६ मध्ये घेतला. त्यांचा मुलगा टॉमी वयाच्या चोविसाव्या वर्षी मिशेलिन तारा (उत्तम रेस्टॉरंटना मिशेलिन गाइड देतं तो मान) असलेला त्या वेळचा ब्रिटनमधला सर्वांत तरुण शेफ ठरला. टॉमी वर्षाचे तीनच ऋतू मानतो: जानेवारी ते मेपर्यंतचा ‘भुकेचा काळ’, मग सुगी, मग साठवणीचे महिने. हे वाचलं तेव्हा मला आमच्या गच्चीवरची वाळवणं आठवली. आपण जी पावसाळ्याची बेगमी करतो, ती हे लोक हिवाळ्याची करतात: लोणची, मुरवणं, खारवणं, धुरी देणं. या स्वयंपाकातला बराचसा आंबटपणा त्या बरण्यांमधून येतो. आपल्या जिभेला तो चटकन पटतो, असा माझा अनुभव आहे.

पहिली पायरी: शहरात की गावात, हे ठरवा

गाडी नसेल तर शहरातच राहा, वाद नको. मेरीगेटवरचं ‘रूट्स’ हे याच टॉमी बँक्सचं. २०१८ मध्ये ते एका जुन्या पबच्या इमारतीत सुरू झालं आणि २०२१ मध्ये त्याला मिशेलिन तारा मिळाला. म्युझियम गार्डन्सच्या बाजूलाच असल्यामुळे स्टेशनवरून चालत जाता येतं. मिकलगेटवरचं ‘स्कॉश’ २०१६ पासूनचं, छोट्या छोट्या प्लेट्सचं. ब्रिटिश माल आणि आशियाई मसाले असा तिथला मेळ आहे. आपल्यासारख्या सहा जणांच्या घोळक्याला हा प्रकार सोयीचा, कारण मधोमध ठेवून वाटून खाता येतं आणि एखादी गोष्ट नाही आवडली तरी फार बिघडत नाही. पहिल्यांदाच जाणार असाल तर मी अशाच ठिकाणापासून सुरुवात करायला सांगीन.

गाडी असेल तर मात्र खरी मजा शहराबाहेर आहे. ओल्डस्टेड साधारण पाऊण तासावर. त्याच भागात होव्हिंगहॅम गावात ‘मीझ’ आहे. यॉर्कमध्ये आधी नाव कमावलेल्या ओव्हरिंग्टन दांपत्याने ते २०२३ मध्ये उघडलं आणि २०२४ च्या फेब्रुवारीत ताराही मिळवला. हेल्म्स्लीजवळच्या हॅरोममध्ये गवती छपराचा, चौदाव्या शतकातला ‘स्टार इन’ आहे. अँड्र्यू पर्न यांनी १९९६ पासून तो चालवला. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याचं छप्पर आगीत गेलं, ते पुन्हा शाकारून पुढच्या वर्षी दारं उघडली. पूर्वेला बेव्हर्लीजवळ साउथ डाल्टन गावात २०१० साली तारा मिळालेला ‘पाइप अँड ग्लास’ आहे.

माझी आवडती युक्ती वेगळीच आहे. बायलँडच्या मध्ययुगीन मठाचे अवशेष माळावर उभे आहेत, त्यांच्या समोर ‘ॲबी इन’ हा पब आहे. तोही २०२३ पासून बँक्स कुटुंबच चालवतं. शेत तेच, घराणं तेच, पण जेवण पबचं आणि खर्चही पबचा. सासरे तिथे खिडकीतून त्या तुटक्या कमानीकडे बघत दीड तास बसले होते. त्यांना मिन्स्टरपेक्षा हे आवडलं, असं त्यांनी घरी येऊन सगळ्यांना फोनवर सांगितलं.

दुसरी पायरी: तारीख

सोमवार-मंगळवार बरीच चांगली स्वयंपाकघरं बंद असतात. नाताळची धावपळ संपली की जानेवारीत काही जण आठवडा-दोन आठवडे सुट्टी घेतात. ऑगस्टमध्ये एबोर फेस्टिव्हलच्या घोड्यांच्या शर्यती असतात. त्या चार दिवसांत यॉर्कमध्ये टेबल, हॉटेल आणि टॅक्सी तिन्ही एकदम मिळणं म्हणजे लॉटरीच. रविवारी दुपारी बहुतेक ठिकाणी संडे रोस्ट, म्हणजे भाजलेलं मांस आणि बटाटे-भाज्या असतात, नेहमीचा मेन्यू नव्हे, आणि संध्याकाळी लवकर आवरतं.

महिना कुठला निवडायचा हे जिभेवर आहे. मला फेब्रुवारी आवडतो आणि त्याचं कारण रुबार्ब, म्हणजे आंबट देठांची एक भाजी. वेकफील्ड, मॉर्ली आणि रॉथवेल या तीन गावांमधल्या त्रिकोणात, म्हणजे आमच्या घराच्या अगदी जवळ, त्याची एक विचित्र शेती चालते. रोपं दोन वर्षं उघड्या शेतात वाढू देतात, पण काढत नाहीत. कडाक्याच्या थंडीचा तडाखा बसला की मुळांसकट उचलून काळोख्या, ऊबदार शेडमध्ये आणतात. उजेडाच्या शोधात देठ भराभरा वाढतात आणि मेणबत्तीच्या प्रकाशात हातांनी काढले जातात. बाहेरच्या रुबार्बपेक्षा ते कोवळे आणि गुलाबी असतात. चव कैरी आणि अंबाडी यांच्यामधली कुठलीशी. २०१० मध्ये या रुबार्बला युरोपीय संघाचं संरक्षित नामांकन मिळालं, आपल्या हापूसच्या जीआयसारखंच (भौगोलिक मानांकन). त्या दिवसांत मेन्यूवर ‘फोर्स्ड रुबार्ब’ दिसला, तर तो गोडात असो की मासळीबरोबर, सोडू नका.

२३ एप्रिल ते २१ जून हा इथल्या ॲस्परॅगसचा पारंपरिक हंगाम. वसंतात रानलसणाची पानं, उन्हाळ्यात व्हिटबीचे खेकडे. १२ ऑगस्टपासून ग्राऊज नावाच्या रानपक्ष्याच्या शिकारीचा मोसम सुरू होतो आणि यॉर्कच्या उत्तरेची माळरानं त्यासाठी प्रसिद्ध आहेत. शिकारीचं मांस खाणार असाल तर सावकाश चावा, क्वचित एखादा छर्रा दाताखाली येतो.

आणि एक आपली खास तपासणी. गेल्या जूनमध्ये मी दीड महिना आधी पाच जणांचं टेबल मिळवलं, कार्ड नंबर दिला, सगळ्यांना कळवून मोकळी झाले. आदल्या रात्री सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “उद्या संकष्टी आहे, माहितीये ना?” इथे जूनमध्ये सूर्य साडेनऊनंतर मावळतो आणि चतुर्थीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला उगवतो. रद्द करण्याची मुदत उलटून गेलेली होती. त्या आमच्याबरोबर येऊन बसल्या आणि आम्ही एकामागून एक आठ बशा रिकाम्या करत असताना प्रत्येक पदार्थाची चौकशी करत राहिल्या. वाढणाऱ्या मुलीने न सांगता त्यांच्यासमोर बशीभर स्ट्रॉबेरी आणून ठेवल्या. पैसे पाचही माणसांचे गेले. तेव्हापासून बुकिंगच्या आधी मी कालनिर्णय उघडते. श्रावणात पाहुणे येणार असतील तर तेही बघा.

तिसरी पायरी: बुकिंग आणि त्यातला तो छोटा चौकोन

नामांकित ठिकाणी बुकिंग ठरावीक दिवशी पुढच्या महिन्या-दोन महिन्यांसाठी उघडतं. वेबसाइटवर तारीख दिलेली असते, त्या सकाळी चहा घेऊन बसायचं. काही जण पूर्ण पैसे आधी घेतात, काही अनामत, काही फक्त कार्ड नोंदवतात आणि ऐनवेळी न आल्यास माणशी रक्कम कापतात. रद्द करायची मुदत किती तासांची आहे, ते नीट वाचा. पाचाचे चार झाले, तरी त्या मुदतीच्या आत कळवावं लागतं.

टेस्टिंग मेन्यू म्हणजे शेफ ठरवेल ते, छोट्या छोट्या आठ-दहा बशांमध्ये, सुमारे तीन तास. माणशी शंभर पौंडांच्या वर आणि नावाजलेल्या ठिकाणी दीडशेच्याही वर जातं. दुपारचा सेट लंच अनेक ठिकाणी बराच स्वस्त असतो, स्वयंपाकघर मात्र तेच. सत्तरीच्या आई-वडिलांना घेऊन जाताय? मग दुपारच. रात्री आठला बसलात तर शेवटचा गोड पदार्थ अकराला येतो आणि तोवर बाबांना पेंग आलेली असते. लहान मुलांना टेस्टिंग मेन्यूला सगळीकडे घेत नाहीत, आधी विचारा.

आता तो चौकोन. बुकिंग करताना ‘आहाराविषयी काही?’ असं एक रकाना विचारतो. तिथे नुसतं ‘व्हेजिटेरियन’ लिहून सोडू नका. इथे शाकाहारात अंडं बसतं, ते चालणार नसेल तर स्पष्ट लिहा. मी अख्खं वाक्य लिहिते: मांस, मासे, अंडं नको, हाडांचा स्टॉक, प्राण्यांची चरबी, जिलेटिन आणि रेनेट (वासराच्या पोटातलं विरजण) घातलेलं चीजही नको. उद्धट वाटेल अशी भीती बाळगू नका. चांगल्या ठिकाणी याचं स्वागत होतं, कारण वेगळा शाकाहारी मेन्यू करायचा तर त्यांना दोन-तीन दिवस लागतात. ऐनवेळी टेबलावर सांगितलंत तर नाइलाजाने भाज्या भाजून देतील, आणि तुम्ही पैसे मात्र शेफच्या कौशल्याचे दिलेले असतील. कांदा-लसूण चालत नसेल तर ईमेलवर आधी ‘जमेल का’ विचारा आणि ‘नाही’ आलं तर त्यांचे आभार माना. कांदा इथल्या प्रत्येक रसाच्या बुडाशी आहे.

एवढं सविस्तर का, ते एका बिटावरून सांगते. ओल्डस्टेडच्या स्वयंपाकघराला ज्या पदार्थाने नाव मिळवून दिलं, तो आहे ‘क्रॅपोडीन बीटरूट’. हे लांबट, झाडाच्या सालीसारख्या खरखरीत सालीचं जुन्या वाणाचं बीट. ते तासन्‌तास मंद आचेवर शिजवतात, इतकं की बाहेरून चिवट आणि आतून खव्यासारखं होतं. आणि शिजवतात ते गाईच्या चरबीत. मेन्यूवर दिसतं काय, तर बीट.

चौथी पायरी: मेन्यू वाचणं

माझा आतेभाऊ ‘स्वीटब्रेड’ वाचून गोड पाव मागवायला निघाला होता. स्वीटब्रेड म्हणजे वासराच्या किंवा कोकराच्या ग्रंथी. त्यात गोड काही नाही आणि ब्रेडही नाही. ‘ब्लॅक पुडिंग’ म्हणजे रक्ताचं सॉसेज. नुसतं ‘पुडिंग’ म्हटलं तर जेवणानंतरचं कुठलंही गोड. ‘यॉर्कशर पुडिंग’ मात्र तिखटामिठाच्या बाजूचं: अंडी, दूध आणि मैद्याचं पातळ पीठ कडकडीत चरबीत ओतून भट्टीत फुगवलेली वाटी. पूर्वी ती मांसाच्या आधी रश्शाबरोबर वाढत, म्हणजे पोटं भरावीत आणि महागडं मांस पुरावं. आपण वरण-भात आधी वाढतो, त्यातलाच हिशेब.

‘मॅरो’ हा शब्द दोन तोंडांचा आहे. एक भाजी असते, दुधीच्या लांबच्या नात्यातली. दुसरी हाडातली मज्जा. शेजारी ‘बोन’ आहे का, ते बघा. ‘सुएट’ म्हणजे गुरांच्या मूत्रपिंडाभोवतीची कडक चरबी. ती वाफवलेल्या गोड पुडिंगात असते आणि नाताळच्या ‘मिन्स पाय’ या सारण भरून भाजलेल्या पदार्थातही पूर्वापार घालतात, आता शाकाहारी सुएटही मिळतं. ‘मिन्समीट’मध्ये मात्र आता मांस नसतं, सुकामेवा असतो. ‘वेल्श रेअरबिट’ म्हणजे टोस्टवर वितळलेलं चीज. ससा नाही, पण त्यात वूस्टर सॉस असतो आणि सॉसमध्ये अँचोव्ही मासे. ‘ड्रिपिंग’ म्हणजे भाजताना गळलेली चरबी. यॉर्कशरमधल्या पारंपरिक दुकानांत फिश अँड चिप्स बीफ ड्रिपिंगमध्येच तळतात. ‘मी फक्त चिप्स खाल्ल्या’ म्हणणाऱ्या कित्येक पाहुण्यांना मी हे खाऊन झाल्यावर सांगितलेलं नाही. देव मला क्षमा करो.

चौदा प्रकारच्या ॲलर्जींची माहिती देणं कायद्याने बंधनकारक आहे. दाणे, काजू, तीळ यांपैकी कशाचा त्रास असेल तर बुकिंगला लिहिलेलं असलं तरी टेबलावर पुन्हा सांगा.

पाचवी पायरी: टेबलावर

कपड्यांचा फार बाऊ नको, नीटनेटकं असलं की पुरे. बसल्याबसल्या विचारतील, “स्टिल की स्पार्कलिंग?” ही दोन्ही विकतची बाटली. तिसरं उत्तर आहे ‘टॅप वॉटर’. दारूचा परवाना असलेल्या ठिकाणी ते फुकट देणं बंधनकारक आहे, संकोच करू नका. वाइन पेअरिंगचा, म्हणजे पदार्थांना जुळणाऱ्या वेगवेगळ्या वाइनचा खर्च जेवणाच्या जवळपास जाऊ शकतो. दारू न घेणाऱ्यांसाठी बऱ्याच ठिकाणी आंबवलेल्या फळांची, औषधी पानांची पेयं असतात. गाडी चालवणाऱ्यासाठी तीच बरी.

मग ब्रेड येतो. आपले लोक ‘ब्रेडने पोट कशाला भरायचं’ म्हणून बाजूला सारतात, आणि इथेच चुकतात. या स्वयंपाकघरांत ब्रेड हा स्वतंत्र पदार्थ असतो: आदल्या दिवशी भिजवलेलं आंबट पीठ, करपण्याच्या काठावर नेलेला काळपट कवच, कापताना पापडासारखा कडकड आवाज. बरोबरच्या लोण्याची मलई आधी विरजून मग घुसळलेली असते. सासूबाईंनी दुसऱ्या एका खेपेला ते सुरीच्या टोकावर घेतलं, जिभेवर ठेवलं आणि म्हणाल्या, “हे तर आपलं घरचं लोणी!” बशीत मीठ शिल्लक होतं, ब्रेड संपला होता. मी आणखी मागवला. तो बहुतेक ठिकाणी आनंदाने देतात.

तिखट हवं असलं तरी सॉसची बाटली मागू नका, एवढं माझं ऐका. पहिल्या दोन बशा अळणी वाटतील. तिसऱ्या बशीपासून जीभ धूर, आंबट आणि कडू वेगवेगळं ओळखायला लागते.

सहावी पायरी: बिल आणि परतीची वाट

मेन्यूवरच्या किमतीत व्हॅट धरलेला असतो, वरून कर लागत नाही. सर्व्हिस चार्ज मात्र बऱ्याच ठिकाणी बिलात आपोआप येतो, साधारण साडेबारा टक्के. तो ऐच्छिक असेल तर तसं छापलेलं असतं आणि काढायला सांगता येतं. तो दिला असेल तर वेगळी टीप नको. ऑक्टोबर २०२४ पासून टीप आणि सर्व्हिस चार्ज पूर्ण कर्मचाऱ्यांनाच द्यावा लागतो, मालकाला ठेवता येत नाही. त्यामुळे मी तरी देते.

गावाकडच्या पबमधून रात्री टॅक्सी मिळेल या भरवशावर राहू नका. परतीची टॅक्सी जाण्याआधीच ठरवा, किंवा तिथेच खोली घ्या. ओल्डस्टेडला राहायची सोय आहे. ओल्डस्टेडजवळचा सटन बँकचा चढ चारास एक (चार फूट पुढे गेलं की एक फूट वर) आहे, इतका की कॅरॅव्हॅनना तिथे बंदी आहे. रात्रीच्या धुक्यात नवख्याने तो उतरू नये. शहरात जेवत असाल तर लीड्सची आगगाडी अर्ध्या तासाच्या आत पोचवते, पण अकरानंतर गाड्या विरळ होतात.

आणि ज्यांनी काहीच ठरवलेलं नाही

साडेसहाला शॅम्बल्समध्ये उभे आहात, पाय दुखताहेत, बुकिंग नाही. ही गल्ली म्हणजे पूर्वीची खाटीकआळी. नावच मुळी मांस मांडायच्या फळ्यांवरून पडलेलं. १८७२ मध्ये इथे खाटकांची २५ दुकानं होती. आता जेवायला इथे थांबू नका, गर्दीच्या भावात गर्दीचं जेवण मिळेल. नदी ओलांडून मिकलगेटकडे चाला. दोघंच असाल तर दारात जाऊन विचारा की काउंटरवर जागा आहे का, कोणी रद्द केलंय का. चार-पाच जण असाल तर असं विचारण्यात अर्थ नाही, दोन टेबलांवर बसायची तयारी ठेवा. नोव्हेंबरच्या मध्यापासून नाताळपर्यंत बाजार भरतो, तेव्हा टॉमी बँक्सचे ‘पाय’ (pie, सारण भरून भाजलेले) मिळायचे. डिसेंबर २०२४ मध्ये याच बाजारासाठी निघालेले अडीच हजार पाय व्हॅनसकट चोरीला गेले होते आणि त्याने चोरांना जाहीर विनंती केली होती की निदान भुकेल्यांना तरी वाटा. तुम्हाला बाजारात असा एखादा पाय मिळाला, तर कागदाच्या बशीत, उभ्याने, गरम गरम खा. पण आत काय आहे ते आधी विचारा.